एकवीस किल्ल्या आणि चिबडीचं पाणी

लोक प्रवासाला जातात ते डोंगर, देवळं, समुद्र बघायला. मी गेले गटार बघायला. तेही अजून न झालेलं, मीच कागदावर काढलेलं गटार. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "बीडला? तिथं पाणीच नाही, गटार कशाला?" बीड म्हटलं की पुण्यातल्या माणसाला टँकर आठवतो, त्याला तो तरी काय करणार! मीही त्यातलीच होते, हे आता कबूल करते.

माझं काम नकाशे काढायचं. पुण्यातल्या एका लहानशा कचेरीत गेली अठ्ठावीस वर्षं मी पावसाचं पाणी गावाबाहेर कसं काढायचं याचे आराखडे काढतेय. जन्म चिपळूणचा, त्यामुळे पाण्याशी आमचं घरचंच भांडण. आष्टी आणि बीडच्या मधल्या एका वाढत्या गावाचा आराखडा आमच्याकडे आला होता. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चूक माझी झाली, त्यात गावाला कशाला ओढा?

आराखडा जवळजवळ तयार होता. वरच्या अंगाला नवं प्लॉटिंग, मधे एक खोलगट जमीन, खाली एक वस्ती. खोलगट भरून तिथं बाग करायची आणि पाणी बंद सिमेंटच्या नळातून वस्तीमागून रस्त्याखालच्या मोरीत सोडायचं, असं मी काढलं होतं. मोजणीवाल्यांनी पौषात जाऊन फोटो आणले होते. वस्तीतल्या घरोघर कुलपं. म्हणून नकाशात त्या चौकोनांवर मी लिहिलं, 'बंद घरे'. बंद घरांमागून नळ गेला काय आणि पुढून गेला काय, कुणाचं काय अडतंय!

पण एक फोटो मला सुखानं झोपू देईना. कुलूप लावलेल्या दारापुढं तुळस होती, आणि ती चांगली हिरवीगार होती. बंद घरापुढच्या तुळशीला पाणी कोण घालतं? साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "एवढं वाटत असेल तर जाऊन या." त्यांना वाटलं मी जाणार नाही. दसरा झाला आणि मी पिशवी भरली.

आष्टी, मंगळवार

आष्टीला उतरले आणि छत्री एसटीतच राहिली. गाडी धूळ उडवत बीडकडे गेली, तिच्याबरोबर माझी जांभळी छत्रीही गेली. स्वतःवर चिडून मी एका टपरीवर बसले. चहा इतका गोड होता की राग निम्मा तिथंच विरघळला.

बाजारात ही गर्दी! कोयते, ताडपत्र्या, पत्र्याच्या पेट्या, प्लास्टिकचे ड्रम, जाड तळाच्या चपला. चहावालीला विचारलं, "आज जत्रा आहे का हो?"

"जत्रा कशाची बाई? टोळ्या निघाल्यात ऊस तोडायला. आता समदी वस्त्या-गावं रिकामी व्हायची. येतील ती उन्हाळ्यात."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. पौषात आमची माणसं आली होती. म्हणजे ज्या महिन्यात इथली निम्मी माणसं दूर कुठं तरी उसाच्या फडात असतात, त्या महिन्यात आम्ही त्यांची घरं मोजली. ती घरं बंद नव्हतीच मुळी, घरची माणसं कामाला गेली होती. चिपळूणला मे महिन्यात येऊन कुणी लिहिलं असतं, 'या गावात पाऊस पडत नाही', तर माझ्या वडलांनी त्याला ओटीवरूनच पिटाळलं असतं. अठ्ठावीस वर्षांची नोकरी त्या टपरीवर मला फार लाजिरवाणी वाटली.

वस्ती, बुधवार

वस्तीत शिरले तर दारोदार लगबग. कुणी कोयत्याला धार लावतंय, कुणी पीठ भरतंय, कुणी येसर भाजतंय. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून दळलेलं कोरडं पीठ. फडावर भाजी नसली की पाण्यात कालवून उकळलं की आमटी तयार. त्या वासानं मला तिथंच भूक लागली. शनिवारी सकाळी ट्रक येणार होता. म्हणजे माझ्या हातात तीन दिवस होते. ही माणसं गेली की पाणी कुठून येतं आणि कुठं तुंबतं हे सांगायला कोणी उरणार नव्हतं, आणि आराखडा महिनाअखेरीला जायचा होता.

पहिल्याच घरापुढं एक उंच, वाळकासा माणूस तुळशीला पाणी घालत होता. डावा पाय ओढत चालायचा. त्यांना सगळे तात्या म्हणतात. मी कोण, कशाला आले ते सांगितलं.

"मोजनीवाले? आलते की," तात्या म्हणाले. "दोघं हुते. माज्याकडंच पानी प्यायले. तांब्याभर पानी दिलं, बसायला घोंगडी दिली."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं नाही का, इथं लोक राहतात म्हणून?"

"त्यांनी इचारलं न्हाई बाई. मला वाटलं, शिकल्याली मानसं, ठावं असंल."

शेजारच्या दारातून एक चाळिशीची बाई हसत बाहेर आली. तिचं नाव हौसा, माहेर नेकनूरचं, तोंड भलतं तिखट. "तात्याला कुनी कायी इचारत न्हाई आन तात्या कुनाला कायी सांगत न्हाई," ती म्हणाली. "भाकर खाता का? हातपाय धुवा आदी."

ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा हौसाबाईंनी शेंगदाण्याची मूठ हातावर ठेवली. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा विचारतात, मग जेवणार का ते आडून आडून विचारतात. इथं विचारणं हे नावालाच असतं, ताट पुढं आलेलं असतं.

आम्ही तात्यांच्याच घरात बसलो होतो; जेवताना भिंतीवरच्या खुंटीकडे लक्ष गेलं. तारेच्या एका जाड कड्यात किल्ल्या ओवलेल्या होत्या, आणि प्रत्येक किल्लीला लुगड्याची वेगळी चिंधी बांधलेली.

"वस्तीच्या हायत," हौसाबाई म्हणाल्या. "जाताना समदे तात्याकडं किल्ल्या देत्यात, आल्यावर बी हितंच टांगल्याल्या असत्यात. एकवीस घरं. जिच्या लुगड्याची चिंधी, तिची किल्ली. म्हातारीकोतारी आन साळंतली पोरं गावात पावण्यांकडं ऱ्हात्यात. हितं एकटा तात्या."

तात्या पूर्वी स्वतः ऊस तोडायला जायचे. ट्रक भरताना उसाच्या मोळ्या अंगावर आल्या, डावा पाय अधू झाला. तेव्हापासून वस्ती राखणं हे त्यांचं काम झालं. रोज तुळशींना पाणी घालायचं, पत्रे बघायचे. आणि पाऊस आला की एकवीस कुलपं उघडायची.

"पाऊस आल्यावर कुलपं कशाला उघडायची?" मी विचारलं.

"पानी घरात येतं म्हनून," तात्या म्हणाले. "ज्वारीची पोती खाटंवर ठिवायची, आथरूनं वर टांगायची. पयले येत नव्हतं. पयले समदं पानी त्या चिबडीत जायाचं."

चिबडी म्हणजे तीच माझ्या नकाशातली खोलगट जमीन. पाणी साचून राहतं, पीक येत नाही म्हणून ते नाव. तीन वर्षांपूर्वी वर प्लॉटिंग झालं, त्याच्या रस्त्याचा भराव पडला, ओढ्याचं तोंड बुजलं आणि पाण्यानं वस्तीची वाट धरली. "आन पाऊस बी आता पयल्यासारका न्हाई," तात्या म्हणाले. "थोडाथोडा पडंना. हिवाळ्यात बी येतो, आन आला की नुसता वततो."

मग हौसाबाईंनी मला ती गोष्ट सांगितली. तात्या तोवर उठून बाहेर गेले होते. तात्यांची बायको नाही. एकुलती लेक, रुक्मिण, दिंद्रुडला दिली. आई नसलेल्या पोरीचं बाळंतपण सासरीच झालं. महाशिवरात्रीच्या सुमाराला नातीचं बारसं होतं, तात्या एक रात्र राहायला गेले. नेमका त्याच रात्री अवकाळी पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले तर घराघरांत पाणी. हौसाबाईंच्या दोन पोती ज्वारीला कोंब फुटले.

"आमी वैशाखात आलो, तर तात्या येशीवरच हुबा. म्हने, हौसा, मी घर राखलं न्हाई. ढसाढसा रडला वो. मी म्हनलं, ज्वारी मरू दे, बारसं कसं झालं ते सांग. तर त्येला सांगता बी येईना. तवापासून कुटं जात न्हाई. रुक्मिणीचा फोन येतो, आबा या, पोरगी रांगायली. हा म्हनतो, येतो. आन किल्ल्यांकडं बगत बसतो."

ताटातली भाकरी गार झाली होती. मी तशीच खाल्ली.

पाऊस, गुरुवार

दुपारी अडीचला आभाळ काळं झालं. तात्यांनी नुसतं वर बघितलं आणि सवयीनं उठून खुंटीवरच्या कड्याला हात घातला. घरं सगळी उघडी, माणसं घरात, तरी हात तिकडं गेलाच. मग स्वतःशीच हसले.

मी म्हटलं, "तात्या, पाणी कुठून येतं ते मला दाखवा." छत्री तर बीडला गेलेली. त्यांनी खताच्या पोत्याची खोळ करून माझ्या डोक्यावर घातली. कोकणात आम्ही लहानपणी इरलं घ्यायचो, त्याचीच ही गरीब बहीण. पन्नास पावलं गेलो नाही तोच मी चिखलात सपशेल आडवी झाले. नकाशाची गुंडाळी हातातून सुटली आणि पाण्याबरोबर निघाली. पाणी तिला बरोबर वस्तीकडे घेऊन गेलं! माझ्या कागदावर मात्र ते मागच्या मोरीकडे वळत होतं.

भरावावर उभं राहून मी बघत राहिले. वरच्या प्लॉटिंगमधले सिमेंटचे रस्ते धो धो वाहत होते. एक थेंब जमिनीत मुरायला जागा नाही. सगळं पाणी उतारानं भरावाशी येऊन धडकत होतं आणि डावीकडे, हौसाबाईंच्या दाराकडे वळत होतं. आणि उजवीकडे, भरावापलीकडे, चिबडी. केवढी मोठी, आणि कोरडी. नुसता आभाळातून पडलेला पाऊस तिथल्या गवतावर. मोरीकडे गेलो, तर ती आधीच तोंडापर्यंत भरलेली. माझा नळ तिथं येऊन मिळाला असता तर पाणी उलटं फिरून वस्तीतच शिरलं असतं, दुप्पट जोरानं.

हा नकाशा असाच गेला असता, तर पुढच्या अवकाळी पावसात या माणसानं एकवीस कुलपं उघडून काय काय वर उचललं असतं? एका पायावर?

परत येऊन पाहते तर वस्तीभर बायका पोती वर ठेवतायत, सुपानं पाणी उपसतायत. मीही पदर खोचला. पाण्याला लाज नाही, हे मला चिपळूणपासून माहीत आहे. पण तिथं पाणी आलं की आम्ही नदीला बोल लावतो. इथं बोल लावायचा तर मला लावायला हवा होता, आणि कुणीच लावत नव्हतं. हौसाबाईंनी मला त्यांचं धुवट लुगडं नेसवलं आणि म्हणाल्या, "आता दिसल्या खऱ्या ऊसतोडनीवानी!" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि मग मला रडूच आलं. "आवो, पडलात म्हनून रडताय का?" त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं.

बाप्पांच्या ओट्यावर, शुक्रवार

प्लॉटिंग बाप्पांचं. बाप्पा म्हणजे तिथले वजनदार माणूस, पांढरे कपडे, बोलणं गोड. सकाळी मी, तात्या आणि हौसाबाई तिघं त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. वाळवलेला, सुरकुतलेला नकाशा मी पसरला.

म्हटलं, "बाप्पा, ही चिबडी भरायची नाही. भरावाला तोंड पाडायचं आणि पाणी तिच्यात घ्यायचं. चार तास थांबेल, मुरेल, उरलेलं सावकाश मोरीतून जाईल. नळ नको. त्याऐवजी रुंद, उथळ, गवताची चर करू. तुमच्या गल्ल्यांतही शोषखड्डे घेऊ."

बाप्पा हसले. "म्याडम, गटारलाईन म्हंजी पानी पळवायला असती. तुमी तर थांबवायचं म्हनता. आन खड्डा दिसला तर प्लॉट कोन घील?"

"पळवून पळवून ते तात्यांच्या घरात गेलं! पाणी तुमचा सातबारा बघून वाट ठरवत नाही." माझा आवाज चढला. चिपळूणचा पाण्यावरचा राग असा कुठंही निघतो माझा. तात्यांनी मला हातानं खुणावलं, हळू.

मग हौसाबाई बोलल्या. "बाप्पा, त्या चिबडीत तुमच्या वडलांनी, आन्नांनी, म्हशी डुंबवल्यात. माजी सासू सांगायची. आन्ना म्हनायचे, ह्या पान्यावर खालच्या समद्या हिरी जगत्यात. तुमच्या बोरला आता पानी लागंना म्हनं?"

बाप्पांनी नकाशा स्वतःकडे ओढला. बोअरचं दुखणं खरं असावं. मी संधी साधली. "खड्डा नाही, उतरतं मैदान करू. चारी बाजूंनी पायऱ्या. वर्षातले काही दिवस पाणी, बाकीचे दिवस पोरांचं क्रिकेट. मोकळी जागा तर तुम्हाला सोडायचीच आहे, तीच ही."

"आन बोर्ड?"

"कसला बोर्ड?"

"नावाचा," बाप्पा म्हणाले. डोळ्यांत एकदम लहान मूल दिसलं. "आन्नांच्या नावानं मैदान. कमान करायची न्हाई, साधाच बोर्ड."

मी म्हटलं, कमान करा, मला काही अडचण नाही. बाप्पांनी खिशातून फोन काढला. अकराच्या सुमाराला जेसीबी भरावावर होता आणि बाप्पा खाली उभे राहून ओरडत होते, "कावून थांबला बे? आजून खाली घे. म्याडमनी सांगितलंय तितकं घे!" मी दोरी आणि पाण्याची नळी धरून उतार दाखवत होते, तात्या पलीकडचं टोक धरून उभे होते. जुना ओढा कुठून वळायचा ते त्यांनी पायानं रेघ मारून दाखवलं. पुण्याला परतल्यावर उपग्रहाचा जुना फोटो काढून पाहिला, तर त्यांची रेघ तंतोतंत होती.

संध्याकाळी हलकी सर आली. पाणी भरावाशी आलं, क्षणभर घुटमळलं आणि उजवीकडे वळून चिबडीत उतरलं. वस्तीतली पोरं ओरडत त्याच्या मागं धावली. तात्या पाय ओढत त्यांच्या मागून चिबडीच्या काठापर्यंत गेले.

निघताना, शनिवार

ट्रक सातलाच आला. पेट्या, ड्रम, शेळ्या, गाद्या, वर माणसं. एकेक बाई कड्यातली आपली किल्ली घेऊन दाराला कुलूप लावून येई, लुगड्याची नवी चिंधी किल्लीला बांधी आणि तात्यांच्या हातात देई. "तात्या, घर तुमचं." "या, नीट या." एकवीस वेळा तेच बोलणं, एकाही वेळा घाई नाही. हौसाबाई शेवटी आल्या. किल्ली दिली आणि म्हणाल्या, "आता वल न्हाई यायची. दिंद्रुडला जाऊन ये."

"बगू," तात्या म्हणाले.

"बगू न्हाई. जा."

ट्रक गेला. वस्ती एकदम गप्प झाली, मोजणीवाल्यांच्या फोटोत होती तशी. मी पिशवीतून नकाशा काढला, 'बंद घरे' वर काट मारली आणि तात्यांना विचारलं, "इथं काय लिहू?"

"लिव्हा, मानसं कामाला गेल्याती. येनार हायत."

मी तसंच लिहिलं. साहेबांनी नंतर भुवया वर केल्या, पण ते शब्द काढले नाहीत. नव्या आराखड्यात चिबडी निळ्या रंगात आहे, नळ गेला, गवताची चर आली. मंजुरीचे कागद अजून फिरतायत. भरावाचं तोंड मात्र उघडं आहे.

पौषात एका सकाळी बातम्यांत सांगितलं, बीड भागात अवकाळी पाऊस. मी चहा टाकून फोन लावला. बराच वेळ वाजला, मग तात्यांचा आवाज आला.

"तात्या, पाऊस आहे का?"

"हाय की. पहाटपासून वततोय."

"पाणी कुठवर आलंय? घरांत शिरलं का? पोती वर ठेवली का?"

"काय म्हाईत बाई. मी दिंद्रुडला हाय."

"आणि वस्ती?"

"दोन पाऊस बसून बगितले म्या, एकेक उंबरा हात लावून बगितला. कोरडा. म्हनलं आता जावं. चार दिस झाले येऊन."

फोनमधून मागं काहीतरी खुळखुळत होतं, सारखं, थांबायचं नाव नाही. मी विचारलं, "तो आवाज कसला?"

"किल्ल्या," तात्या म्हणाले. "पोरगी सोडंना झालीय. ठिवतो बाई आता, हौसाची चिंधी तोंडात घातली हिनं."